नाणेघाटचा रांजण आणि आजचा वाटसरू

पावसाची पहिली झड लागली की शहरांतील तरुण मंडळी पाठीवर सॅक अडकवून सह्याद्रीची वाट धरते, आणि पाठोपाठ प्रशासनाचे मनाई हुकूमही निघतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर अशा हुकुमांना नावे ठेवण्यास कोणी धजणार नाही. तथापि मनाई म्हणजे व्यवस्था नव्हे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही चौघे मित्र, सारेच चाळिशी ओलांडलेले, नाणेघाटाहून भीमाशंकरापर्यंत चार दिवस चाललो. जीवधनाच्या पायथ्याचे घाटघर, पुढे दुर्गवाडी, मग जुन्नर तालुका सोडून आंबेगावातील आहुपे. उजव्या हाताला कोकणात उतरणारे कडे, डाव्या हाताला भातखाचरे आणि पावलोपावली आडवे येणारे ओढे. कुकडी आणि घोड या नद्या याच पट्ट्यात उगम पावतात. त्यांचे पाणी माणिकडोह व डिंभे धरणांत साठून दूरच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांपर्यंत जाते. मात्र ज्या वाड्यांवर हा पाऊस कोसळतो, तेथील बायकांना चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

घरी परतल्यावर सवयीने हिशेब मांडला. बूट, खाद्यपदार्थांची पाकिटे, वाहनभाडे मिळून चौघांचे साडेनऊ हजार रुपये खर्च झाले होते. त्यांतले वाटेवरच्या वाड्यांत राहिले जेमतेम आठशे. एका घरी मावशींनी आम्हांस पिठले-भाकरी वाढली आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला. ‘पावसातनं आलेल्या माणसाकडनं जेवणाचं काय घ्यायचं?’ असा त्यांचाच उलट सवाल. शेवटी लेकराच्या हाती नोट ठेवून निघालो. हिरडा आणि पावसावरचे भात यांवर ज्यांचे वर्ष निघते, त्यांचे हे आतिथ्य थोर खरे. पण त्याच्या आधारावर पर्यटन उभारणे हे शोषणच होय.

नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण सातवाहनकाळी जकात गोळा करण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. वाट वापरणाऱ्याने ती राखण्याचा भार उचलावा, हे तत्त्व आपण विसरलो आहोत. जुन्नर तालुका २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला, २०२५ मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला. गर्दी वाढणारच. या पश्चिम पट्ट्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी तेथील ग्रामसभांना अधिकार दिलेले आहेत. वनखात्याच्या संमतीने ग्रामसभेने माफक शुल्क घ्यावे, गावातला वाटाड्या सक्तीचा करावा, ओढे फुगले की वाट बंद करावी आणि जमाखर्च सभेत वाचून दाखवावा. कोणता ओढा किती पावसात उतरता येत नाही, हे दूरच्या कचेरीपेक्षा तेथील गुराख्यास अधिक कळते.

शुल्कामुळे गरीब विद्यार्थी डोंगराला पारखा होईल, असा आक्षेप घेतला जाईल. चहा-वडापावाइतके शुल्क ठेवले, तर त्यात फारसे तथ्य उरत नाही. शिवाय पैसे मिळाले की गावे बाजारू होतील, ही भीती बहुधा ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, तेच बोलून दाखवतात. ३० जुलै २०१४ रोजी याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे गेली. जो पाऊस आपण दोन दिवस पाहावयास जातो, त्याच्या छायेत ही माणसे चार महिने राहतात.

तेव्हा पुढील मनाई हुकूम काढण्यापूर्वी प्रशासनाने या गावांच्या ग्रामसभांचे म्हणणे ऐकावे; आणि आपणही सॅक भरण्यापूर्वी, आपल्या खर्चातले किती त्या डोंगरात राहणार आहे, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.