थेंबे थेंबे कॉफी

दिवाळी अंकाच्या पानापानांतून चकल्या-कडबोळ्यांचा खमंग वास सुटलेला असताना हा गृहस्थ कॉफीचे भांडे घेऊन मध्येच कुठे येऊन बसला, असे वाचक म्हणतील. त्यातून ही कॉफी बर्फ घातलेली, आणि तीही व्हिएतनामची! पण काय करणार? यंदा सबंध वर्षात माझ्या हातून सांगण्यासारखी एकच गोष्ट घडली, आणि तीही खरे म्हणजे माझ्या हातून घडली नाहीच. ती घडली सातपुड्यावर, तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या काठी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी.

माझी थोरली बहीण आक्का शहाद्याला असते. भावोजींना जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा नितीन चार वर्षांपासून व्हिएतनाममध्ये हो चि मिन्ह शहरात, म्हणजे जुन्या सायगावात, एका कापड कारखान्याच्या कचेरीत नोकरीला आहे. तो पंधरा दिवसांच्या रजेवर आला म्हणून मीही पुण्याहून गेलो. मे महिन्यातला शहादा ज्याने अनुभवला आहे त्याला मी काही सांगायला नको. दुपारी दाराच्या कडीला हात लावावा तर चटका बसे. तेव्हा दोन दिवस तोरणमाळला जाऊन राहू, असा बेत नितीननेच काढला.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करीत तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. आधी सपाट रस्ता, मग घाटाची वळणे, आणि वर सुमारे साडेअकराशे मीटर उंचीचे पठार. तोरणाच्या झुडपांवरून गावाचे नाव पडले असे सांगतात. भिल्ल आणि पावरा मंडळींचा हा मुलूख. गोरक्षनाथाच्या मंदिरापाशी महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. एरवी मात्र महाबळेश्वरच्या बाजारपेठेतून आलेल्या माणसाला इथे 'गाव कुठे आहे?' असेच विचारावेसे वाटेल. मला तर ही शांतताच फार आवडते.

घाट चढत असताना आक्काला मागे डुलकी लागली. तेवढे साधून नितीनने हळूच विषय काढला. कंपनी त्याला आणखी पाच वर्षे तिथे ठेवू पाहत होती. त्याने मनाने होकार दिला होता, पण आईला सांगायचा धीर होत नव्हता. "मामा, तुम्हीच सांगा ना," म्हणाला. मी मोठ्या शहाण्यासारखी मान डोलावली. पुढे तलाव पाहिला, सीताखाईच्या कड्यापाशी उभे राहून वारा खाल्ला, जेवणे झाली, झोपाही झाल्या. पण ती गोष्ट काही माझ्या तोंडून बाहेर पडेना. प्रत्येक वेळी वाटे, आत्ता नको, कॉफीच्या वेळी बोलू.

आता आक्काची कॉफी म्हणजे आमच्या घराण्यातली एक संस्था आहे. निम्मे दूध, निम्मे पाणी, साखर आधीच विरघळवलेली, कॉफी टाकली की वर झाकण, आणि गाळताना किसणीवर दोनदाच फिरवलेले जायफळ. तिसऱ्यांदा फिरवले तर झोप येते, असे तिचे शास्त्र! शेगडी, गाळणे, जायफळ, किसणी असा सगळा संसार तिने बरोबर घेतला होता, आणि दुधाची किटलीही. चार वाजता तिने दूध तापत ठेवले आणि दोन मिनिटांत त्याचा चोथापाणी झाला. किटलीत आदल्या दिवशीच्या ताकाचा अंश राहिला असावा, त्यात गाडीच्या डिकीतला उकाडा. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याचे दूध सकाळीच संपले होते. आक्काचा चेहरा असा उतरला की जणू पंगत बसल्यावर वरण करपले!

नितीन मात्र खुशीत उठला. पिशवीतून त्याने कंडेन्स्ड मिल्कचा डबा काढला, एक चिमुकले पत्र्याचे भांडे काढले, आणि शहाद्याहून थर्मासमध्ये घेतलेला बर्फ. घेताना आक्काने त्याला 'हे कशाला ओझं?' म्हणून टोकले होते.

"डब्यातलं दूध?" आक्का म्हणाली. "दवाखान्यात देतात तसं?"

"आई, तिथली कॉफी अशाच अडचणीतून जन्माला आलीय," नितीन म्हणाला.

आणि हे अगदी खरे आहे. व्हिएतनाममध्ये कॉफीचे रोप आणले १८५७ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी. पुढे फ्रेंचांचे राज्य बसले, मळे झाले. पण फ्रेंच साहेबाला सकाळी दूध घातलेली कॉफी हवी, आणि त्या देशात गाई-म्हशी पाळून दूधदुभते करण्याची आपल्यासारखी रीत नाही. उष्ण दमट हवेत बाहेरून आणलेले दूध टिकणार किती? तेव्हा अमेरिकेत गेल बोर्डनने १८५६ साली ज्याचे पेटंट घेतले होते, ते साखर घालून आटवलेले डब्याचे दूध कामी आले. साहेब गेले, शीतकपाटे आली, ताजे दूधही मिळू लागले. पण जिभेला लागलेली चव गेली नाही. हनोईत तर १९४६ साली दुधाची टंचाई पडली तेव्हा एका हॉटेलातल्या माणसाने अंड्याचा बलक फेसून कॉफीवर घातला, आणि ती अंडा-कॉफीसुद्धा आज तिथे आवडीने पितात. (आक्काला मी हे त्या दिवशी सांगितले नाही. आधीच दूध नासलेले!)

हसू नका. आपल्याकडेही हेच झाले आहे. आमच्या लहानपणी ओळखीची असलेली पोलसनची 'फ्रेंच कॉफी' चिकोरी मिसळलेली असे, आणि चिकोरी मिसळण्याची ती चाल फ्रेंचांकडचीच. टंचाईत मिसळलेल्या वस्तूची पुढे गोडी लागते.

नितीनच्या त्या भांड्याला 'फिन' म्हणतात. फ्रेंचांच्या 'फिल्त्र'चा तो व्हिएतनामी अपभ्रंश. आपल्या दाक्षिणात्य मंडळींच्या पितळी फिल्टरचे हे धाकटे भावंड समजा. फरक एवढाच की त्याला खालचा मजला नाही. ते सरळ पेल्याच्या तोंडावर बसते. तळाला बारीक छिद्रे, आत कॉफीवर ठेवायची एक जाळीची चकती, आणि वर झाकण.

कृती लिहून घ्या, कारण एवढ्यासाठीच पुष्कळ वाचकभगिनी हे पान उघडतील. काचेच्या पेल्याच्या तळाशी डब्याचे दूध दोन मोठे चमचे. फिनमध्ये तीन भरगच्च पोह्यांचे चमचे कॉफी, म्हणजे वीसेक ग्रॅम. कॉफी काळपट भाजलेली हवी आणि जाडसर दळलेली. रव्यासारखी म्हटले तरी चालेल. वर चकती ठेवून हलकेच दाबायचे. मग उकळीच्या जरा खालचे पाणी दोन चमचे घालून अर्धा मिनिट थांबायचे. कॉफी फुगते, श्वास घेते. त्यानंतर भांडे काठोकाठ भरायचे आणि झाकण ठेवून स्वस्थ बसायचे. चार-पाच मिनिटांत सगळे पाणी थेंबाथेंबाने उतरले पाहिजे. दोनच मिनिटांत धो धो उतरले तर दळण फार जाड झाले. दहा मिनिटे झाली तरी उतरत नसेल तर फार बारीक झाले, किंवा चकती दाबताना हाताला फार जोर आला. उतरल्यावर तळापासून ढवळायचे आणि बर्फाने भरलेल्या दुसऱ्या पेल्यात ओतायचे. निम्मा बर्फ लगेच वितळतो, म्हणूनच मूळ कॉफी इतकी कडक करावी लागते. या पेयाचे नाव 'का फे सुआ दा'. सुआ म्हणजे दूध, आणि दा म्हणजे बर्फ. पण त्याच दा शब्दाचा अर्थ दगड असाही होतो. आपण आभाळातून गारा पडल्या म्हणतो, ते दगड टाकून कॉफी पितात!

एक गोष्ट मात्र तोरणमाळला आपसूक साधली. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशाला उकळते. साडेअकराशे मीटरवर ते शहाण्णवच्या आसपासच उकळते. कॉफीला हवे तितकेच. त्यामुळे खाली उतरवून निवू देण्याची कटकट नाही.

कॉफी कुठली घ्यावी? तिथे रोबस्टा जातीचा बी वापरतात. चवीला उग्र, कडू, आणि अरेबिकापेक्षा जवळजवळ दुप्पट कॅफिन अंगात बाळगणारा. १९८६ नंतरच्या आर्थिक सुधारणांच्या काळात बुऑन मा थुओतच्या पठारावर त्याची अशी लागवड झाली की आज व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल कॉफी पिकवतो. आपल्या कोडगू-वायनाडकडेही रोबस्टा भरपूर होतो, पण दुकानदाराकडे तो मुद्दाम मागून घ्यावा लागतो. आणि आपल्या सातपुड्यालाही कॉफीचे वावडे नाही बरे का! याच रांगेत पूर्वेकडे, गाविलगडच्या डोंगरात चिखलदऱ्याला कॉफी होते. महाराष्ट्रातले कॉफीचे ठिकाण म्हणून त्याचीच ख्याती आहे. तोरणमाळला मात्र चारोळी, महुआ आणि आंबे. माझे त्यावर काही म्हणणे नाही.

तर पाणी घातले, झाकण ठेवले आणि आम्ही तिघे त्या पेल्याकडे पाहत बसलो. टप्. बराच वेळ काही नाही. पुन्हा टप्. पाच मिनिटे फार मोठी असतात. आक्काच्या कॉफीत हात कामाला असतात, ढवळायचे असते, उतू जायची धास्ती असते; माणूस काहीबाही बोलून वेळ काढतो. इथे बसून राहण्यावाचून गत्यंतर नाही. नितीनने माझ्याकडे पाहिले. मी तलावाकडे पाहिले.

"किती वर्षं म्हणाले?" आक्काने पेल्यावरची नजर न काढता विचारले.

नितीन गडबडला. "तुला मामांनी सांगितलं?"

"तो काय सांगतोय! कपाटातून तुझे पदवीचे दाखले काढलेस ना, तेव्हाच कळलं. दोन-चार महिन्यांसाठी कोणी दाखल्यांवर शिक्के मारून घेत नाही."

"पाच," नितीन म्हणाला.

टप्, टप्, टप्.

"पाच वर्षांनी मी चौऱ्याहत्तरची होईन," आक्का म्हणाली. रागावून नव्हे, वाण्याचा हिशेब सांगावा तसे. मग मात्र आवाज जरा चढला. "आणि स्वतःच्या आईला सांगायला तुला मामा लागतो? तोही हा?"

यावर मी काय बोलणार? झाकण उचलून पाहिले, कॉफी उतरली होती. नितीनने ढवळली, बर्फावर ओतली आणि पहिला पेला आईपुढे ठेवला. तिने एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"कडू आहे," ती म्हणाली. "पण पाणचट नाही. दूध आटवलेल्या बासुंदीसारखं लागतंय." आणि शांतपणे पिशवीतून किसणी काढून तिने पेल्यावर जायफळ दोनदा फिरवले.

"आई, तिथे जायफळ घालत नाहीत!"

"तिथे नसतील घालत."

मीही माझा पेला पुढे केला. खरे सांगतो, जायफळाने त्या कडूपणाला चांगली साथ मिळते. फक्त बर्फावर त्याचा कीस तरंगतो तेवढा मिशीला लागतो. नितीनने मात्र आपल्या पेल्यावर हात ठेवला. त्या रात्री मायलेक बाहेर ओट्यावर उशिरापर्यंत बोलत होते. मधूनमधून आक्काचा आवाज चढे. मी आत पडून झोपेचे सोंग घेतले होते, त्यामुळे काय ठरले ते मला ठाऊक नाही.

नितीन जूनमध्ये परत गेला. ते भांडे त्याने इथेच ठेवले. आक्काचा फोन आला की त्या भांड्याच्याच तक्रारी: छिद्रे बुजतात, सुईने मोकळी करावी लागतात, चकती एकदा मोलकरणीने राखेबरोबर फेकून दिली होती, ती उकिरड्यातून शोधून आणली. तिच्या घड्याळात चार वाजतात तेव्हा तिकडे साडेपाच झालेले असतात आणि नितीन कचेरीतून सुटतो. त्याची घंटी वाजली की ती भांड्यात पाणी घालते. परवा मला म्हणाली, "दिवाळीला येताना पुण्याहून कॉफी आण. चिकोरी नको. आणि दळून घेताना जरा जाड सांग, मागच्या खेपेची उतरता उतरत नव्हती; फोन संपला तरी पेला अर्धाच."