ओळख करून घेऊ : सोप्या भाषेचा संपादक

मुलांनो, आज सुरुवातीला तीन शब्द घेऊ या. अहवाल, तसबीर आणि फिकीर.

तुम्ही म्हणाल, “बाई, हे तर आपलेच शब्द!” खरं आहे. स्नेहसंमेलनात अहवाल वाचतात, भिंतीवर आजोबांची तसबीर असते आणि परीक्षा जवळ आली की फिकीर लागते, तुम्हाला नाही तर आईला! पण हे शब्द मूळचे अरबी. फारसीचा हात धरून ते आपल्या मराठीत आले, तसेच दूर तुर्कस्तानातही गेले. तिथल्या दोन जुन्या वर्तमानपत्रांच्या नावांत ते आजही सापडतात. एकाचं नाव ‘तेर्जुमान-इ अहवाल’. तर्जुमा म्हणजे भाषांतर हे ठाऊक असेल, तर अर्थ लागतो : परिस्थिती समजावून सांगणारा दुभाषी. दुसऱ्याचं नाव ‘तसवीर-इ एफ्कार’. ‘फिक्र’ म्हणजे मुळात विचार, त्याचं अनेकवचन ‘एफ्कार’. म्हणून, विचारांची तसबीर!

या दोन्ही पत्रांशी एक नाव जोडलेलं आहे : इब्राहिम शिनासी.

शिनासीचा जन्म १८२६ साली इस्तंबूलमध्ये झाला. वडील तोफखान्यात कप्तान. रशियाशी झालेल्या युद्धात ते मारले गेले, तेव्हा शिनासी अगदी लहान होता. आईनेच त्याला वाढवलं. पुढे तो तोफखान्याच्याच कचेरीत कारकून झाला आणि तिथल्या एका फ्रेंच माणसाकडून फ्रेंच शिकला. त्याची हुशारी पाहून सरकारने १८४९ मध्ये त्याला पॅरिसला शिकायला पाठवलं. परत आल्यावर त्याची शिक्षण मंडळावर नेमणूक झाली.

त्या काळी तिथे सुलतानाचं राज्य होतं आणि लिहायची भाषा नि बोलायची भाषा यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. लिहिताना अरबी-फारसी शब्दांची इतकी दाटी व्हायची, की साध्या माणसाला ते कळणं कठीण. वाक्यं तर मारुतीच्या शेपटीसारखी! समोर वाचून दाखवलं तरी दुकानदाराला किंवा नावाड्याला अर्थ लागेलच असं नाही. आणि ज्याला कळतच नाही, तो प्रश्न तरी काय विचारणार?

वर्तमानपत्रं नव्हती असं नाही. १८३१ पासून सरकारी पत्र होतं. १८४० मध्ये एका इंग्रज माणसाने दुसरं काढलं, पण त्यालाही सरकारी पैशाचा आधार होता. मग २२ ऑक्टोबर १८६० ला आगाह एफेंदी आणि शिनासी यांनी मिळून ‘तेर्जुमान-इ अहवाल’ सुरू केलं. तुर्की माणसांनी स्वतः चालवलेलं हे पहिलं खाजगी वर्तमानपत्र. (आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ सालचं, हे आठवतंय ना?) तिकिटं जमवणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. हेच आगाह एफेंदी पुढे टपालखात्याचे प्रमुख झाले आणि त्यांच्याच काळात, १८६३ मध्ये, तिथली पहिली टपाल तिकिटं निघाली.

पहिल्याच अंकात शिनासींनी दोन गोष्टी मांडल्या. एक : कायद्याने लोकांवर इतकी कर्तव्यं आहेत, तर देशाच्या भल्यासाठी आपलं मत सांगणं हा त्यांचा हक्कही आहे. दुसरी : हे पत्र सर्वसामान्यांना सहज समजेल अशा भाषेत लिहिलं जाईल. नीट बघा, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. मत द्यायचं तर आधी कळायला हवं!

या पत्रात त्यांचं एक छोटं विनोदी नाटकही क्रमशः छापून आलं. एका कवीला धाकटी बहीण आवडते, पण लग्नात त्याच्या गळ्यात थोरली बांधली जाते. मग कवीचा मित्र लग्न लावणाऱ्याच्या हातात हळूच पैसे ठेवतो. लगेच तो म्हणतो, “मी ‘मोठी’ म्हणालो ते वयाने नव्हे, उंचीने!” हसू येतं, पण न विचारता लग्नं लावण्याची रीत किती वाईट, हेही कळतं. पाश्चात्य धर्तीचं पहिलं तुर्की नाटक म्हणून याचं नाव घेतात.

१८६२ मध्ये शिनासींनी स्वतःचं ‘तसवीर-इ एफ्कार’ काढलं. तेव्हा छपाई म्हणजे एकेक खिळा जुळवायचा. तुर्की तेव्हा अरबी लिपीत लिहीत. अक्षर शब्दात कुठे येतं त्यावरून त्याचं रूप बदलतं, त्यामुळे छापखान्यात पाचशेहून जास्त प्रकारचे खिळे लागत. आपल्या जोडाक्षरांसारखीच ही अडचण! शिनासींनी बसून हिशोब मांडला आणि ती संख्या ११२ वर आणली. लोकांच्या तोंडच्या म्हणी गोळा करून १८६३ मध्ये त्यांचं पुस्तकही काढलं.

पण त्याच वर्षी त्यांची सरकारी नोकरी गेली. कारण? राज्यकारभाराबद्दल ते वारंवार लिहीत होते. त्यांनी ना दगड मारला ना शिवी दिली, नुसतं लिहिलं. तेवढंही चाललं नाही. १८६५ मध्ये वर्तमानपत्र तरुण नामिक केमालच्या हाती सोपवून ते पॅरिसला गेले. तिथे एका मोठ्या तुर्की शब्दकोशात त्यांनी स्वतःला गाडून घेतलं. तो पुरा झालाच नाही. मायदेशी परतल्यावर १३ सप्टेंबर १८७१ ला, अवघ्या ४५ व्या वर्षी, ते वारले.

मग उरलं काय? नामिक केमाल पुढे स्वातंत्र्यावर लिहिणारा फार मोठा लेखक झाला. बोलण्याच्या जवळची तुर्की लिहायची, ही चाल पुढच्या पिढ्यांनी चालवली. १९२८ मध्ये तुर्की लिपीच बदलली आणि ते ११२ खिळे संग्रहालयात ठेवण्याजोगे झाले, पण सोपं लिहिण्याचा हट्ट जुना झाला नाही.

आता तुमच्यासाठी काम. आजच्या वर्तमानपत्रातली एखादी ‘जाहीर नोटीस’ शोधा. त्यात ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘तदनंतर’ अशी मंडळी भेटतील. ती नोटीस आजीला एका दमात कळेल अशा मराठीत लिहून काढा. अर्थ मात्र तसूभरही बदलायचा नाही हं! मग आजीला वाचून दाखवा. तिने “म्हणजे काय?” असं विचारलं, तर पुन्हा लिहा. आणि “पण असं का?” असं विचारलं, तर तुम्हाला जमलं.