बर्फ, अस्वल आणि लग्नाची एफडी

"एफडी मोडलीस? कुठली?" आई.

"लग्नाची."

फोनवर शांतता. मग मागून बाबांचा आवाज, "कॅमेरा कुठला नेतेय विचार."

तर मंडळी, 2025च्या जूनमध्ये मी माझ्या लग्नाचा मांडव आणि केटरर स्वालबार्डला उडवून आले. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वे आणि उत्तर ध्रुव यांच्या मधली बेटं. लाँगियरबेन हे तिथलं मुख्य गाव, 78 अंश उत्तर. निमित्त होतं एका छोट्या ग्रुपच्या फोटोग्राफी सफरीचं. एकाने आयत्या वेळी नाव मागे घेतलं, जागा स्वस्तात मिळाली. स्वस्तात म्हणजे, तरीही एफडी!

ज्यांच्या डोक्यात असा किडा वळवळतोय त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, स्वालबार्ड नाही. ऑस्लोहून पुढे उडालात की तुम्ही शेंगेनबाहेर, परतताना पुन्हा आत. त्यामुळे आपल्याला निदान डबल एन्ट्री व्हिसा लागतो. फॉर्म भरतानाच बघा, नंतर रडून उपयोग नाही.

लाँगियरबेन कोळशाच्या खाणींचं गाव. खाणीतली काजळी घरभर होऊ नये म्हणून कामगार दारातच बूट काढायचे. ती पद्धत कित्येक हॉटेलांत अजून आहे. सातासमुद्रापार जाऊन मी पहिलं काय केलं, तर पायातलं बाहेर काढून ठेवलं. आई ऐकूनच खूश.

जहाजावर आम्ही बाराजण. हा आकडा उगाच नाही. बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते पॅसेंजर जहाज ठरतं आणि सगळे नियम बदलतात. म्हणून बरीच छोटी जहाजं बारावर थांबतात. फायदा असा की रबरी बोटी उतरल्या की सगळेच एकदम निघतात. तोटा असा की कोण घोरतं हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं.

जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही. रात्री दीड वाजता कोवळं ऊन पडलेलं, आणि तुम्ही झोपायचं कधी हा प्रश्न. पहिल्या दिवशी डेकवरून गारठून आत आले आणि कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून चहा घेत बसले. पाच मिनिटांत लेन्सवर बाष्प! बाहेर वॉलरस, आत मी लेन्स पुसतेय. थंडीतून आत येण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करायचा, हे बारा जणांत मलाच माहीत नव्हतं.

बाबांची शिकवणी मात्र कामी आली. साताऱ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आल्यावर गिऱ्हाईक आटलं आणि त्यांनी शटर ओढलं. ते सांगायचे, "बाई पांढऱ्या साडीत असेल तर मीटरचं ऐकू नये. मीटरला सगळं जग करडंच दिसतं." बर्फाचंही तेच. कॅमेऱ्यावर सोडलं तर बर्फ राखेसारखा येतो. मी एक स्टॉप वाढवला आणि बर्फ पांढरा झाला.

चौथ्या दिवशी अस्वल दिसलं. समुद्रावरच्या गोठलेल्या बर्फावर, एकटं. तेव्हा कळलं की ते पांढरं नसतंच, साय धरलेल्या दुधासारखं पिवळट असतं. सगळे गप्प. आणि आमचं जहाज थांबलं. 1 जानेवारी 2025पासून नवा नियम आहे : 1 मार्च ते 30 जून अस्वलापासून किमान 500 मीटर लांब, उरलेल्या वर्षात 300 मीटर.

आता हिशेब करा. 500 मीटरवर 500 मिलीमीटरची लेन्स, म्हणजे सगळं हजारपट लहान. अडीच मीटरचं अस्वल सेन्सरवर अडीच मिलीमीटर. सेन्सर 36 मिलीमीटर रुंद. फ्रेमचा चौदावा भाग!

ग्रुपमधले एक काका भडकले. "एवढे पैसे कशाला भरलेत? थोडं पुढे घ्या, कोण बघतंय?" गाईड म्हणाली, "ते बघतंय." खरंच, अस्वलाने मान वर केली होती. तिने सांगितलं, ते चालायचं थांबून आपल्याकडे बघू लागलं तर अंतर कितीही असो, मागे जायचं. शिकारीची वेळ आहे, त्याची ताकद आपल्यावर खर्च व्हायला नको. जहाज मागे सरकलं. काका केबिनमध्ये निघून गेले.

खरं सांगू? मनातून मी काकांच्याच बाजूची होते. भाड्याची लेन्स, मोडलेली एफडी, आणि अस्वल साबुदाण्याएवढं. मग शेवटी लांबची लेन्स काढली आणि साधी लावली. आभाळ, सपाट बर्फ, कडेला निळसर भेगा आणि त्यात तो एक पिवळट ठिपका. तो चालत होता, चालतच राहिला. मी पाऊण तास तिथेच उभी होते. बोटं बधिर झाल्याचं नंतर कळलं.

घरी आल्यावर बाबांनी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. आई म्हणाली, "अस्वल कुठंय?" बाबांनी बोट ठेवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पांढरा पांढरा आलाय."

त्यांनी स्वतः जाऊन मोठी प्रिंट काढून आणली. ती आता हॉलमध्ये आहे. पाहुणे आले की आई चहाचा ट्रे ठेवते आणि भिंतीकडे हात करून सांगते, "ती बघा, हिची एफडी."