झाडाला झोका बांधावा का?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फर्मान निघालं. आवारातल्या झाडांना झोके, झोपाळे, हॅमॉक वगैरे काहीही बांधायला सक्त मनाई. कारण दिलं होतं 'वृक्षसंवर्धन व सुरक्षितता'. वाचून मी खाली जाऊन झाडं बघून आले. मोठी अशी दोनच आहेत, एक आंबा आणि एक कडुलिंब, दहा-बारा फुटांच्या अंतरावर. आंब्याच्या खोडात दोन पाट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. एक 'येथे वाहने उभी करू नयेत' आणि दुसरी, अहो खरंच सांगते, 'झाडे लावा, झाडे जगवा'. कडुलिंबाला केबलची वायर आणि मागच्या दिवाळीतली दिव्यांची माळ करकचून गुंडाळलेली. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. आणि या सगळ्यात झाडाचे शत्रू कोण ठरले, तर सुट्टीत तासभर झोळीत लोळणारी चार पोरं!

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. झोका बांधू द्यावा. कसा बांधायचा ते मुलांना शिकवावं, आणि खेळ झाला की सोडायला लावावं.

हॅमॉक हा शब्द नवा, वस्तू आपल्याला नवी नाही. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, तिथून स्पॅनिशमध्ये आणि मग इंग्रजीत गेला. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेली बाई बांधाच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्यात तान्हं निजवते, तो हॅमॉक नाही तर काय? विदर्भातली माणसं झोपाळ्याला बंगई म्हणतात. माझं माहेर कऱ्हाडकडचं. आमच्याकडे पंचमी आली की वडाला, लिंबाला झोके पडायचे आणि सासुरवाशिणी माहेरी येऊन उभ्याने झोके चढवायच्या. इथे कॅम्प पाचमध्ये लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, आता झोका संपला. पण शेजारच्या सिंधी काकूंकडे लाकडी हिंदोरो होता, आणि श्रावणातल्या तीजडीला त्यांच्याकडेही झोका असतोच. त्यामुळे झोक्याच्या बाबतीत आमचं आणि त्यांचं पहिल्यापासून एकमत!

असो. मुद्दा झाडांचा आहे. हॅमॉकला समोरासमोर दोन झाडं लागतात, आणि आमच्या कॅम्पात ती सापडणं ही मोठी गोष्ट आहे. हे गाव मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं बराकींत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्याचं उल्हासनगर झालं. आम्ही आलो तेव्हा बराकींच्या मधे मोकळी जागा होती आणि त्या जागेत झाडं होती. पुढे खोलीला खोली लागली, मजल्यावर मजला चढला. आता जी दोन-चार उरली आहेत ती टिकवायची तर मुलांनी त्यांच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. ज्या आंब्याखाली कधी लोळलोच नाही, तो तोडताना कोण कशाला आडवं येईल?

आता झाडाला नक्की इजा कशाने होते ते बघू. मी बीए मराठी, पण शाळेत शिक्षक कमी असले की पाचवी-सहावीचं शास्त्रही गळ्यात यायचं, त्यामुळे एवढं सांगू शकते. मुळांकडून पाणी वर जातं ते आतल्या लाकडातून. पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे जातं ते सालीच्या अगदी आतल्या थरातून. आणि साल व लाकूड यांच्या मधे एक पातळसा जिवंत पापुद्रा असतो, त्यातूनच खोड जाड होतं. म्हणजे झाडाचा जीव साली-लगत असतो, गाभ्यात नाही. पोकळ ढोलीची झाडं वर्षानुवर्षं हिरवी असतात ती त्यामुळेच.

ज्यांनी डाळिंबाचं किंवा लिंबाचं गुटी कलम बांधलंय त्यांना हे हाताने माहीत आहे. फांदीची बोटभर रुंद साल गोल सोलून काढायची, वर ओलं शेवाळ बांधायचं. खाली जाणारं अन्न तिथेच अडतं आणि कापाच्या वरच्या कडेला मुळं फुटतात. करकचून बांधलेली तार हेच काम न सोलता, सावकाश करते. खोड जाड होत जातं, तार तेवढीच राहते. काही वर्षांनी तारेच्या वर सूज दिसते आणि मग साल तारेला गिळून टाकते. तुमच्या गल्लीतली झाडं बघा, असं एखादं नक्की सापडेल. नायलॉनच्या बारीक दोरीचंही तेच. ती माणसाच्या वजनाने सालीत रुतते आणि झोक्याबरोबर पुढेमागे घासते. म्हणजे एका वेळी दोन जखमा.

म्हणून पहिला नियम रुंदीचा. निदान दोन इंच रुंद पट्टा घ्यावा. ट्रकवाले माल आवळायला वापरतात तसला पॉलिएस्टरचा पट्टा उत्तम, तो फारसा ताणतही नाही. पूर्वी खाटेला असायची ती नवार रुंदीला झकास, पण माळ्यावरची तीस वर्षांची नवार माणसाच्या वजनाला भरवशाची नव्हे. पट्ट्याखाली गोणपाटाची दुहेरी घडी किंवा बांबूच्या उभ्या चिपा लावाव्यात, म्हणजे दाब एका रेषेत न येता पसरतो. खोड हाताच्या पंजाएवढं तरी जाड हवं, म्हणजे सहा इंच व्यास. आणि झाड जिवंत हवं, वाळलेलं नको. सगळ्यात महत्त्वाचं, संध्याकाळी पट्टा सोडून घरी न्यायचा. एका दिवसाच्या पट्ट्याने झाड मरत नाही, विसरलेल्या पट्ट्याने मरतं.

याच्यावर एक गंमत सांगते, जी मलाही आधी उलटी वाटली होती. फांदीवरून कायमचा झोका टांगायचा असेल तर परदेशातले वृक्षतज्ज्ञ दोरी गुंडाळण्यापेक्षा फांदीतून आरपार एकच बोल्ट घालणं पसंत करतात. कारण असं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की झाड जखमेभोवती भिंती घालतं आणि तो भाग कोंडून बाजूला टाकतं. बोल्टचं एक नीट भोक ते कोंडू शकतं. चहूबाजूंनी आवळलेला फास कोंडणार कुठे?

मग आमचा भाऊसाहेब लगेच म्हणेल, 'ताई, तर मग पाट्यांचे खिळे का चालत नाहीत?' चालत नाहीत, कारण प्रत्येक खिळा ही नवी जखम आहे, आणि निवडणूक, क्लास, भाड्याची खोली अशा दर पाटीबरोबर चार-चार नवे येतात. झाडाने किती भिंती घालायच्या? पुण्यात 'अंघोळीची गोळी' नावाच्या संस्थेने २०१८ साली झाडांचे खिळे उपटायची मोहीम काढली, ती मला फार आवडली होती. नावही किती गोड! आमच्या कमिटीने खरी बंदी घालायची तर तिथे घालावी.

आता सुरक्षिततेचं. कमिटीचं हे म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. झोक्यावरून पडून हात मोडतात, आणि साडीच्या झोळीत गोल गोल फिरताना फास बसून मुलं दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. म्हणून झोळीला पीळ देऊन गरगर फिरणं बिलकुल नाही. जाळीच्या हॅमॉकमध्ये लहान मुलाला एकटं सोडायचं नाही, मान अडकते. त्यापेक्षा सलग कापडाचा चांगला.

बहुतेकांना वाटतं की हॅमॉक जितका ताठ बांधला तितका मजबूत. अगदी उलट आहे. वाळत घातलेली ओली चादर आठवा. ताठ दोरी तुटते, सैल दोरी निभावते. हिशेब सोपा आहे. पट्टा आडव्या रेषेपासून ३० अंश खाली उतरत असेल तर ७० किलोचा माणूस बसल्यावर प्रत्येक टोकाला ७० किलोच ताण येतो. १० अंश ठेवला तर दोनशे किलो. ५ अंशाला चारशे! तो सगळा ताण झाडाच्या सालीवर, पट्ट्यावर आणि शेवटी तुमच्या कमरेवर. तेव्हा चांगली झोळ सोडावी. दहा-बारा फुटांचं अंतर, पट्टा खांद्याच्या उंचीला आणि बसल्यावर बूड जमिनीपासून फार तर दीड फूट. खाली फरशी नको, माती हवी.

दुसरं झाड नाही म्हणून एक टोक कंपाउंडच्या विटांच्या खांबाला बांधतात, ते तर कधीच करू नये. विटांचा खांब वरचं ओझं पेलतो, आडवी ओढ नाही. परदेशात असे खांब मुलांवर कोसळून जीव गेले आहेत. विजेच्या खांबाबद्दल बोलायलाच नको.

आणि झाड कोणतं? चिंच, आंबा, कडुलिंब, वड ही वजनाची झाडं. शेवग्याला हातही लावू नये, त्याची फांदी कधी मोडते ते तिलाच कळत नाही. जांभूळही दगाबाज, बदलापूरकडच्या लोकांना विचारा, जांभळं काढताना पडलेले किती तरी भेटतील. गुलमोहर दिसायला सुंदर, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची, पावसाळ्यात आधी तोच आडवा होतो. कोकणात रिसॉर्टवाले माडांना हॅमॉक बांधतात, फोटो छान येतो. माडाची रचना वेगळी, त्याला अशी सालीलगतची नळी नसते, म्हणून चढायच्या खाचा पाडूनही तो जगतो. पण ती खाच जन्मभर भरत नाही आणि जखमेवर सोंड्या भुंगा येतो. शिवाय डोक्यावर नारळ! माडाखाली झोपू नये हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पर्यटकाला नसतं.

माझा एक भाचा वनस्पतिशास्त्र शिकलेला. तो म्हणाला, 'मावशी, झाडांना आपलं काही नकोच आहे. हात न लावणं हेच संवर्धन.' जंगलात त्याचं खरं आहे. पण आमचा आंबा जंगलात नाही, तो स्कूटर स्टँड आणि पाण्याच्या टाकीच्या मधे आहे. त्याला रोज कोणी ना कोणी हात लावणारच. प्रश्न एवढाच, की तो हात झोक्याचा असावा की काँक्रीटचा. दिल्लीच्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली आदेश दिला होता, की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, पाट्या, खिळे, तारा काढा. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात झाड 'तोडणे' याच्या व्याख्येत झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरची झाडं प्राचीन वृक्ष ठरली. आमच्या आंब्याला मी १९७० च्या दशकापासून ओळखते आणि तेव्हाही तो माझ्यापेक्षा उंच होता, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. तेव्हा कमिटीला मी लेखी दिलं आहे: पाट्या काढा, माळ सोडा, बुंध्याभोवतीचे ब्लॉक हातभर तरी मागे घ्या, आणि त्यानंतर माझ्याशी झोक्याबद्दल बोला.

सूनबाई म्हणाली, विकतचा हॅमॉक महाग पडतो. अगं, आपण राहतो कुठे? कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारे घरोघरी आहेत. तीन-साडेतीन मीटर जाड डेनिम घ्यायचं, दोन्ही टोकांना पंजा जाईल एवढी पोकळ पट्टी दुहेरी टिपेने मारून घ्यायची, त्यात जाड दोर ओवायचा आणि तो पट्ट्याला अडकवायचा. पहिल्यांदा बसायच्या आधी त्यात तांदळाची दोन पोती ठेवून बघायची. आमच्या मागच्या गल्लीतला कारागीर म्हणतो, कापड आणा, शिवायला पाऊण तास लागेल.