स्वस्त हप्त्याचे महाग गणित

सणासुदीचे दिवस जवळ आले की वर्तमानपत्रांची पाने मोटारगाड्यांच्या जाहिरातींनी भरून जातात. 'फक्त अमुक हजारांच्या हप्त्यात गाडी घरी न्या', 'शून्य डाऊन पेमेंट', 'व्याजदर केवळ सात टक्के', 'सरकारी कर्मचाऱ्यांना खास सवलत' अशा मोठ्या टाईपातील ओळी वाचकाला खुणावत असतात. त्याच जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'अटी लागू' असे दोन शब्द छापलेले असतात. खरी जाहिरात या दोन शब्दांतच दडलेली असते आणि तीच कुणी वाचत नाही. आज या विषयावर आम्ही लिहीत आहोत ते त्यासाठीच.

आपल्या माणसाने गाडी घेतली की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'यांना कशाला हवी गाडी?' हा प्रश्न उघड विचारला गेला नाही तरी नजरेतून विचारला जातोच. आमचे मत याबाबत स्पष्ट आहे. १९०१ साली मसूर स्टेशनवरून कोरेगावला जाणाऱ्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना कुणी बैलगाडीत घेत नव्हते. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर ती मिळाली. १९२९ साली बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना चाळीसगावात न्यायला टांगेवाले तयार झाले नाहीत, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाच्या हाती लगाम गेला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्यांच्या इतिहासात वाहनाची अशी कथा आहे, त्यांच्या नातवाने स्वकमाईची गाडी दारात उभी करणे यात लाजण्यासारखे काहीही नाही. गाडी जरूर घ्यावी. परंतु ती घेताना फसू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

कारण फसवणुकीची पद्धत बदलली असली तरी तिचे मर्म बदललेले नाही. पूर्वी सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे न कळता आजोबा अंगठा उठवीत. आज नातू पदवीधर आहे, इंग्रजीत सही करतो. पण करारपत्राच्या पंचवीस-तीस पानांपैकी तो किती पाने वाचतो? शोरूममधला टाय लावलेला तरुण जेथे फुली मारून देतो तेथे तो सह्या करीत सुटतो. अंगठ्याच्या जागी सही आली, एवढाच फरक पडला असेल तर त्या पदवीचा उपयोग काय?

आता आकड्यांकडे वळू. समजा, आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घ्यायचे आहे. एक कंपनी म्हणते, 'आमचा दर सात टक्के'. सरकारी बँक म्हणते, 'आमचा दर नऊ टक्के'. कोणते कर्ज स्वस्त? सात टक्क्यांचे, असे कुणीही पटकन म्हणेल. पण कंपनीचा सात टक्के हा 'फ्लॅट' दर आहे. म्हणजे पाचही वर्षे व्याज पूर्ण आठ लाखांवर आकारले जाणार. मधल्या काळात तुम्ही कितीही मुद्दल फेडलेले असो. हे व्याज होते २ लाख ८० हजार रुपये आणि मासिक हप्ता बसतो १८ हजार. बँकेचा नऊ टक्के दर मात्र घटत्या शिलकीवर आहे. जेवढे मुद्दल उरले तेवढ्यावरच व्याज. त्याचा हप्ता येतो सुमारे १६ हजार ६०७ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. म्हणजे 'स्वस्त' सात टक्के हे 'महाग' नऊ टक्क्यांपेक्षा तब्बल ८३ हजारांहून अधिक रुपयांनी महाग पडले! घटत्या शिलकीच्या हिशेबाने पाहिले तर त्या सात टक्क्यांचा खरा दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून दर सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा : हा दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवरचा?

दुसरा सापळा मुदतीचा. 'साहेब, हप्ता जड वाटतो ना? मग सात वर्षांचे करून टाकू,' असे विक्रेता मोठ्या आपुलकीने सांगतो. आठ लाखांच्या त्याच नऊ टक्के कर्जाचा हप्ता सात वर्षांत सुमारे १२ हजार ८७१ वर येतो. ऐकायला बरे वाटते. पण एकूण व्याज १ लाख ९६ हजारांवरून २ लाख ८१ हजारांवर जाते. शिवाय तीन वर्षे हप्ते फेडूनही ५ लाख १७ हजारांच्या आसपास मुद्दल शिल्लकच राहते. आता गाडीची किंमत पूर्ण आठ लाखच होती आणि 'शंभर टक्के कर्ज' घेतले होते असे धरा. तीन वर्षांहून अधिक जुन्या व चार वर्षांच्या आतील गाडीचे विमामूल्य ठरविताना चाळीस टक्के घसारा धरला जातो, म्हणजे विम्याच्या लेखी ती गाडी उरली ४ लाख ८० हजारांची. त्या सुमारास ती चोरीला गेली तर विम्याची सगळी रक्कम बँकेला देऊनही कर्ज उरते. गाडी नाही आणि हप्ता मात्र आहे! 'शून्य डाऊन पेमेंट'चा अर्थ हा असा असतो. आपल्याजवळचे निदान वीस-पंचवीस टक्के घालता येत नसतील तर वर्षभर थांबावे किंवा लहान गाडी पाहावी, हा सल्ला कटू वाटला तरी हिताचा आहे.

तिसरी बाब सवलतींची. पुष्कळदा ग्राहकापुढे दोन पर्याय असतात : रोख सूट घ्या किंवा कमी व्याजाची खास योजना घ्या. यातले चांगले कोणते, याला एकच उत्तर नाही. ते मुदतीवर अवलंबून आहे. एका बाजूला ४० हजारांची सूट घेऊन बँकेचे नऊ टक्क्यांचे ७ लाख ६० हजार कर्ज आणि दुसऱ्या बाजूला सूट सोडून सात टक्क्यांचे ८ लाख कर्ज, दोन्ही घटत्या शिलकीवर, अशी तुलना करून पाहिली. तीन वर्षांत फेडायचे असेल तर सूट घेणारा सुमारे १९ हजारांनी फायद्यात राहतो. पाच वर्षांत दोन्ही जवळपास सारखेच पडतात. सूट घेणारा चार हजारांच्या आतबाहेर पुढे असतो. सात वर्षे लावायची तर पारडे उलटते आणि कमी व्याजवाला सुमारे १३ हजारांनी पुढे जातो. थोडक्यात, लवकर फेडणाऱ्याने सूट मागावी, रेंगाळत फेडणाऱ्याने दर मागावा. विक्रेता हे गणित मांडून दाखविणार नाही. कर्जप्रकरण मिळवून दिल्याबद्दल त्याला वित्त कंपनीकडून मोबदला मिळत असतो. तेव्हा कागद-पेन्सिल आपणच हाती घेतली पाहिजे.

'शून्य टक्के व्याज' या शब्दांवर तर विश्वासच ठेवू नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. ते व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपाने दडवून ग्राहकाच्याच खिशातून काढले जाते. गाडीच्या बाबतीतही ते कधी न मिळालेल्या सुटीत, कधी जुन्या गाडीची किंमत पाडून दिलेल्या 'एक्स्चेंज बोनस'मध्ये, तर कधी गळ्यात मारलेल्या ॲक्सेसरीजमध्ये लपलेले असते. विम्याचेही तसेच. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे हे खरे. पण तो अमुकच विक्रेत्याकडून घ्यावा अशी सक्ती नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर काढून पाहावेत. 'हँडलिंग चार्जेस' नावाची रक्कम यादीत दिसली तर ती कोणत्या सरकारी शुल्कापोटी आहे ते विचारावे आणि पावती मागावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या लहान पेट्रोल (१२०० सीसीपर्यंत) व डिझेल (१५०० सीसीपर्यंत) गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक अधिभार यावरून १८ टक्क्यांवर आला. करकपातीने उतरलेली किंमत ही सरकारी करातील घट आहे, शोरूमवाल्याने दाखविलेली मेहेरबानी नव्हे. ती वजा करून उरते ती खरी सूट.

येथे वाचकांनी आपले हक्कही जाणून घेतले पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत बँकेने वा वित्त कंपनीने 'की फॅक्ट स्टेटमेंट' हे पत्रक देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. म्हणजे मराठीत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. त्यात सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना करायची ती याच आकड्याने. हप्त्याने नव्हे आणि जाहिरातीतील दरानेही नव्हे. या पत्रकातील अटी निदान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. 'आजच सही करा, उद्या योजना संपेल' असे म्हणणाऱ्याला हे शांतपणे ऐकवावे. पत्रकात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

दर स्थिर की बदलता, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आणला. ज्यांची कर्जे रेपोशी जोडलेली बदलत्या दराची होती त्यांना त्याचा लाभ मिळण्याचा मार्ग मोकळा होता. स्थिर दराचे कर्जदार होते तेथेच राहिले. दर वाढू लागले की अर्थातच उलटे घडते. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकरण होणाऱ्या, व्यवसायेतर कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जावर तो असू शकतो. वेतन आयोगाची थकबाकी किंवा भविष्य निर्वाह निधीची रक्कम मिळाल्यावर कर्ज मिटवू, असा विचार करणाऱ्या नोकरदाराने हे कलम आधी वाचावे. हप्ता चुकला तर दंड लागतो, पण १ एप्रिल २०२४ पासून तो व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढविण्यास बंदी आहे. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करता येत नाही. गुंड पाठवून गाडी ओढून नेण्याच्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच कडक ताशेरे ओढले आहेत.

शोरूमची पायरी चढण्याआधी दोन कामे करावीत. पहिले, आपला क्रेडिट अहवाल पाहावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. कुणाला तरी जामीन राहिलेले जुने कर्ज तेथे थकीत दिसले तर दर वाढतो, म्हणून ते आधी निस्तरावे. दुसरे, पगार जमा होतो त्या बँकेत आणि आपल्या पगारदार पतसंस्थेत दर विचारून तो लेखी घ्यावा. हातात लेखी दर असला की शोरूममधल्या माणसाची भाषा आपोआप बदलते. आणि कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन आरटीओतून आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा. तो राहिला तर गाडी विकताना डोकेदुखी ठरते.

शेवटी एक प्रश्न व्यवस्थेलाही विचारला पाहिजे. पगाराची पावती दिसताच गाडीचे कर्ज तासाभरात मंजूर करणारी हीच बँक, आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी किंवा मुलाच्या छोट्या कारखान्यासाठी कर्ज मागितले की तारण, जामीनदार आणि खेटे यांची यादी पुढे का करते? दर महिन्याला किंमत घटणाऱ्या वस्तूसाठी पैसा सहज आणि किंमत वाढविणाऱ्या शिक्षणासाठी, उद्योगासाठी पैसा कठीण, ही नीती कुणाच्या हिताची आहे? १९२३ मध्ये 'रुपयाचा प्रश्न' मांडणाऱ्या अर्थपंडिताचे नाव घेणाऱ्या समाजाने हा प्रश्न बँकेच्या दारात जाऊन विचारला पाहिजे. तोवर गाडीवर वाचविलेले ऐंशी हजार रुपये मुलांच्या शिक्षणाच्या खात्यात जमा करावेत. फ्लॅट दराला फसून जाणारी रक्कम जवळपास तेवढीच आहे, याचा विचार प्रत्येकाने सही करण्यापूर्वी करावा.