तैनाती फौजेचा हिशेब

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून युरोपास जाणारा माल न्हावा-शेव्याच्या बंदरात जहाजावर चढतो आणि तांबडा समुद्र व सुवेझचा कालवा या जवळच्या वाटेने पुढे जातो, असा आजवरचा क्रम होता. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूती बंडखोरांनी त्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि हा क्रम मोडला. गाझातील युद्धाचे निमित्त हूतींनी पुढे केले होते. बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालण्याचा मार्ग पत्करला. प्रवास दहा दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लांबला, भाडे चढले, विम्याचे दर चढले. येमेन कोठे आहे हे नकाशात शोधण्याची गरज ज्यांना पूर्वी कधी भासली नव्हती, अशा लहान कारखानदारांनाही त्या देशाच्या नावाने घोर लागला.

पण हे हूती एवढे प्रबळ झाले कसे, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी सना ही राजधानी घेतली. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील राष्ट्रांनी पदच्युत अध्यक्ष हादी यांच्या विनंतीचा हवाला देऊन येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. अमेरिका व ब्रिटन यांनी त्यांना शस्त्रे पुरविली. हूतींना हुसकून लावावयाचे आणि कायदेशीर सरकार पुन्हा गादीवर बसवावयाचे, हा हेतू जाहीर होता. २०२१ अखेरपर्यंत या युद्धात सुमारे ३ लाख ७७ हजार माणसे दगावली, असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य गोळीने मेली नाहीत. ती भुकेने आणि रोगाने मेली. एप्रिल २०२२ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा सना हूतींच्याच ताब्यात होते, आणि पुढे दोन वर्षांच्या आत जगाचा एक प्रमुख जलमार्ग रोखण्याइतके बळ त्यांच्या अंगी होते. ज्यांना उखडावयाचे म्हणून फौजा निघाल्या, तेच अखेरीस अधिक घट्ट रुजले.

परक्या घरातील भांडण मिटविण्यासाठी फौज पाठविणे या धोरणाचा हा परिणाम पाहून मराठवाड्याच्या माणसाने तरी आश्चर्य करू नये. आमच्या भूमीला या व्यवहाराची ओळख सव्वादोनशे वर्षांची आहे. शाळेच्या इतिहासात 'तैनाती फौज' हा विषय 'टीपा लिहा' या प्रश्नापुरता उरला आहे. विद्यार्थी चार ओळी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्या चार ओळींत केवढा अनर्थ सामावला आहे, हे त्यास कोणी सांगत नाही.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या पराभवाने भयभीत झालेल्या निजाम अलीने १७९८ मध्ये इंग्रजांची कायमची फौज आपल्या राज्यात ठेवून घेतली, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची स्वतःची पलटणे मोडली, आणि १८०० च्या तहाने त्या फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख इंग्रजांना तोडून दिला. शेजाऱ्याच्या भीतीने त्याने राखणदार आणला आणि राखणदाराच्या पगारात शेत लिहून दिले.

ज्यांच्या भीतीने निजामाने हे केले, त्यांच्याच धन्याने दोन वर्षांनी तेच केले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडविला. दुसरा बाजीराव पळाला, वसईस पोहोचला आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. किमान सहा हजारांचे इंग्रजी पायदळ कायमचे ठेवून घ्यावयाचे, त्यासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यावयाचा, आणि इंग्रजांच्या सल्ल्यावाचून कोणत्याही सत्तेशी बोलणे करावयाचे नाही, असा तो तह होता. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला. कायदेशीर सत्ता पुनःस्थापित झाली, असे कलकत्त्याच्या कचेरीत त्या वेळी निश्चितच लिहिले गेले असेल.

त्याची किंमत कोणी दिली? शेंद्र्याच्या ईशान्येस, एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर, जालना जिल्ह्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तेथे शिंदे व भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. इंग्रजांच्या बाजूनेही मद्रासचे शिपाई लढत होते. पुण्याच्या गादीवर कोण बसावे या वादासाठी या देशाची माणसे या देशाच्या माणसांशी खेळणा नदीकाठी लढून मेली. त्याच सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला, आणि फौजांच्या येण्याजाण्याने उभी पिके तुडविली गेलेल्या रयतेची दैना दुणावली. बाजीरावास गादी मिळाली ती पंधरा वर्षे. १८१८ मध्ये ज्यांनी ती दिली होती त्यांनीच ती काढून घेतली.

निजामाची गादी राहिली, पण तिचे बिल थांबले नाही. मूळच्या तैनाती फौजेखेरीज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची आणखी एक फौज उभी राहिली. औरंगाबादेची छावणी ही तिच्या ठाण्यांपैकी एक. शांततेच्या काळी ती पोसण्याचे बंधन तहाच्या कलमांनी निजामावर घातलेले नव्हते, हे खुद्द डलहौसीनेही मान्य केले होते. तरी खर्च निजामाच्याच माथी पडला. कर्ज साचले, आणि १८५३ मध्ये त्या कर्जापोटी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर हे प्रदेश इंग्रजांनी आपल्या कारभाराखाली घेतले. पुढे धाराशिव व रायचूर परत आले. वऱ्हाड कधीच आले नाही. १९०२ मध्ये सालीना २५ लाखांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. ज्या फौजेसाठी हे सारे गेले, तिच्यातीलच औरंगाबादच्या घोडदळाने १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड केले, हा या कथेतील शेवटचा उपहास होय.

आमच्या मते या सर्व प्रकरणाचे सार एका वाक्यात येते. परकी फौज आत येण्याची वाट तहात लिहिलेली असते, बाहेर जाण्याची लिहिलेली नसते. बोलावणारा बहुधा दुर्बळ राज्यकर्ता असतो, त्याला प्रजेपेक्षा प्रतिस्पर्ध्याचे भय अधिक असते, आणि येणाऱ्यास यजमानाच्या सुरक्षिततेपेक्षा स्वतःच्या हिशेबाची चिंता अधिक असते. दोघांचे जमते, बिल तिसऱ्याच्या नावाने फाडले जाते. तो तिसरा म्हणजे प्रजा.

विसाव्या व एकविसाव्या शतकांतील मोठ्या सत्तांनी वेगळे काय केले? १९५३ मध्ये इराणचे लोकनियुक्त पंतप्रधान मोसद्देक यांना अमेरिका व ब्रिटन यांच्या गुप्तहेरांच्या साह्याने पदच्युत करण्यात आले. तेलाचा प्रश्न मिटला असे वाटले. १९७९ मध्ये त्याचे व्याज सर्व जगाने पाहिले. सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ मध्ये एका मित्र सरकारच्या मदतीचे नाव करून अफगाणिस्तानात शिरल्या आणि नऊ वर्षांनी हात हलवीत परतल्या. त्याच देशात अमेरिका २००१ मध्ये गेली, वीस वर्षे राहिली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ज्या तालिबानांना घालविण्यासाठी आली होती त्यांच्याच हाती काबूल सोडून निघाली. इराकमध्ये २००३ साली ज्या संहारक अस्त्रांच्या शोधार्थ स्वारी झाली ती अस्त्रे सापडलीच नाहीत. औषधापेक्षा रोग परवडला, असे म्हणण्याची पाळी या सर्व ठिकाणच्या सामान्य माणसांवर आली.

येथे सुज्ञ वाचक आम्हांस एक रास्त प्रश्न विचारतील. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला तोही फौजेनेच ना? तो प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत भारतीय सैन्याने निजामाची राजवट संपविली हे खरे. परंतु त्या सैन्यापूर्वी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली येथील जनता वर्षानुवर्षे लढत होती. रझाकारांचे अत्याचार ती सोसत होती, आणि सैन्य आले ते तिच्या मागणीच्या मागून आले. ते आले तेही परक्या देशातून नव्हे. १९५२ मध्ये संस्थानातील प्रौढ स्त्रीपुरुषांनी मतदान करून आपले सरकार निवडले, आणि १९५६ मध्ये मराठवाडा मराठी भाषकांच्या कुटुंबात येऊन मिळाला. कोणताही मुलूख कोणी गहाण ठेवून घेतला नाही. या दोन प्रकारांतील अंतर जमीनअस्मानाचे आहे.

तथापि न्याय्य कारवाईचीही किंमत असते, आणि तीही आपण वाचली पाहिजे. कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानातील मुसलमान प्रजेवर जो सूड उगविला गेला, त्याची चौकशी भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या घरात असावा, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक पीडित जिल्ह्यांत आमच्या मराठवाड्यातील उस्मानाबाद व नांदेड होते. तो अहवाल अनेक वर्षे दडून राहिला. दर १७ सप्टेंबरला आम्ही ध्वजवंदन करतो. ते अभिमानाने करावे आणि हा आकडाही लक्षात ठेवावा. जो समाज आपल्या न्याय्य विजयाचा जमाखर्च मांडण्यास भितो, त्याला इतरांच्या अन्यायाचा हिशेब विचारण्याचा अधिकार उरत नाही.

स्वतंत्र भारतानेही सीमेपलीकडे फौजा पाठविल्या आहेत. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार सोसून, पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केल्यानंतर, आपण पूर्व बंगालच्या युद्धात उघडपणे उतरलो आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य परत आणले. जुलै १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सरकारशी करार करून शांतिसेना पाठविली. ज्यांच्या रक्षणार्थ ती गेली, त्यांच्यातीलच एका सशस्त्र गटाशी तिला लढावे लागले. अकराशेहून अधिक जवान कामास आले, आणि मार्च १९९० मध्ये यजमान देशाच्याच इच्छेवरून ती परतली. सेनापती त्याच देशाचे, जवान त्याच जातीचे शूर. मग फळ इतके भिन्न का? पहिल्या वेळी तेथील जनतेने आपला निर्णय १९७० च्या निवडणुकीत दिलेला होता आणि आपल्या सैन्याचे काम ठरलेले होते. दुसऱ्या वेळी कागद दोन सरकारांचा होता. ज्यांच्या भवितव्याचा तो कागद, त्यांची सही त्यावर नव्हती.

आज आपला देश दुर्बळ राहिलेला नाही. शेजारची सरकारे अडचणीत आली की दिल्लीकडे पाहतात, आणि येथेही 'एकदा धडा शिकवावाच' असे म्हणणाऱ्यांचा आवाज वाढतो आहे. त्यांच्या देशप्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. पण वसईचा तह ज्यांच्या वाट्यास आला, त्यांनी दुसऱ्याचा वसईचा तह लिहिण्याची हौस बाळगू नये, एवढेच आमचे सांगणे आहे. फौज धाडण्याचा प्रसंग येईल तेव्हा संसदेने सरकारला तीन प्रश्न विचारावेत: बोलावणे जनतेचे आहे की केवळ राज्यकर्त्याचे? खर्च कोण सोसणार? आणि परतीची तारीख कोणती? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत एकही पलटण हलू नये. मदत करण्यास अन्न आहे, औषध आहे, कर्ज आहे, मध्यस्थी आहे. या मार्गांना वेळ लागतो, हे खरे. पण वसईचा कागद एका दिवसात झाला, आणि त्याचे देणे फेडण्यास महाराष्ट्राला १९४७ साल उजाडावे लागले.