प्रश्न तुमचे : आसरा खरंच रूप बदलते का?

मुलांनो,

परवा चौथीच्या वर्गात बेडकाची वाढ शिकवत होतो. मागच्या ओळीतून एका मुलीने विचारलं, "गुरुजी, आमच्या विहिरीतली आसरा पण रूप बदलते. ती बेडकासारखीच असते का हो?" सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही. कारण लहानपणी हाच प्रश्न मलाही पडला होता.

विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. त्याच साती आसरा. 'अप्सरा' या शब्दावरून हे नाव आलं. माझी आजी सांगायची, "भर दुपारी विहिरीवर जाऊ नको रे. आसरा कधी बाई होते, कधी मासळी होते, नि खाली ओढून नेते!"

गंमत म्हणजे, हजारो मैल दूर नॉर्वे देशातल्या आज्याही अशीच गोष्ट सांगत आल्या. तिथल्या तळ्यात 'नोकेन' राहतो. तो कधी कधी पांढरा घोडा होऊन काठावर येतो. पाठीवर बसलं की थेट पाण्यात! थिओडोर किट्टेलसेन या चित्रकाराने १९०४ साली त्याचं चित्र काढलं. अंधाऱ्या तळ्यातून वर आलेलं डोकं आणि चमकणारे डोळे.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू. प्राण्याला रूप बदलता येतं का? येतं की! बेडकाचं पिल्लू माशासारखं असतं. त्याला शेपूट असते, कल्ले असतात. काही आठवड्यांत पाय फुटतात, फुप्फुसं तयार होतात. शेपूट मात्र गळून पडत नाही बरं का, ती अंगातच जिरते. हा बदल गळ्याजवळच्या थायरॉइड ग्रंथीच्या रसामुळे होतो. १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लांना ही ग्रंथी खाऊ घातली. पिल्लांचे लवकरच बेडूक झाले, पण अगदी चिमुकले!

ते चिमुकले का राहिले? कारण वाढायला वेळ आणि अन्न लागतं. रूप बदललं म्हणून वजन हवेतून येत नाही. मग सांगा, पाव किलोच्या मासळीची क्षणात पन्नास किलोची बाई कशी होईल? उरलेलं वजन आणायचं कुठून? म्हणजे आसरा गोष्टीत रूप बदलू शकते, विहिरीत नाही.

"मग गुरुजी, माणसं बुडतात ती कशाने?"

पाण्यात एक फसवी गोष्ट आहे, ती म्हणजे खोली. घरी करून पाहा. वाटीत एक नाणं ठेवा आणि ते दिसेनासं होईपर्यंत मागे सरका. आता कुणाला तरी वाटीत हळूच पाणी ओतायला सांगा. नाणं पुन्हा दिसू लागेल! पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून तळ वर आल्यासारखा वाटतो. बारा फूट खोल पाणी वरून नऊ फुटांचंच वाटतं. आपल्या जिल्ह्यात पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीने दगडगोटे फिरवून फिरवून काळ्या खडकात रांजणखळगे कोरले आहेत. त्यांतलं पाणी वरून किती शांत दिसतं! पण आत किती खोल आहे, ते डोळ्यांना कळत नाही. शेततळ्याचा तर कागद इतका निसरडा असतो, की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मी सहावीत होतो. माझा मित्र विहिरीच्या पायरीवरून घसरला. त्याने हाक मारलीच नाही. नाकातोंडात पाणी जात असताना ओरडता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी काठावर थिजून उभा राहिलो. आसरेनं धरलेल्याला सोडवायला गेलं की ती आपल्यालाही धरते, असं ऐकलं होतं ना! तेवढ्यात चुलते धावत आले. त्यांनी बैलाचा कासरा खाली फेकला आणि मित्राला वर ओढलं. तो वाचला. पण मी गप्प उभा राहिलो, ते अजून मनाला टोचतं.

म्हणून तुम्ही हे लक्षात ठेवा. पाण्याजवळ एकट्याने जायचं नाही. पोहायला शिकायचं ते मोठ्या माणसाबरोबर, पाठीला डबा बांधून. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घ्यायची नाही. जोरात ओरडून माणसं बोलवायची. काठावर बसून किंवा आडवं पडून कासरा, बांबू, साडी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते टाकायचं. आणि पालकांनो, शेततळ्याला कुंपण घाला, आत एक गाठी मारलेला दोर कायमचा सोडून ठेवा.

आई आसरांना हळद-कुंकू वाहते, तिला हसू नका. आजीलाही खोटारडी म्हणू नका. पाणी खोल आहे, जपून राहा, हेच तिला सांगायचं होतं. फक्त कुणी बुडत असेल, तर आसरेच्या भीतीने माझ्यासारखे थिजून उभे राहू नका.

तुमच्या गावात पाण्याची कोणती गोष्ट सांगतात? आजीला विचारा आणि मला लिहून कळवा.

तुमचे,
गुरुजी